सेजची जुडी ऑनलाइन मागवण्याआधी

हल्ली जळगावात कोणाची वास्तुशांत झाली, नवीन दुकान उघडलं किंवा घरात कोणी बरेच दिवस आजारी असलं की कोणीतरी ऑनलाइन मागवलेली पांढऱ्या सेजची (एक सुगंधी औषधी वनस्पती) जुडी काढतं, पेटवतं आणि खोल्याखोल्यांतून फिरवतं, निगेटिव्ह एनर्जी जाते म्हणून. याला स्मजिंग म्हणतात. योगा क्लासमध्ये, ध्यानाच्या शिबिरांत पण दिसायला लागलीय. मी काही वर्षं कॅनडात विनिपेगला राहून आलेय हे माहीत असलेल्या बायका मग मला फोन करतात, ताई तू तर तिकडे होतीस, हे नेमकं करायचं कसं, कुठल्या खोलीपासून सुरू करायचं, काही म्हणावं लागतं का. प्रत्येकीला फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते.

माझं उत्तर आधीच सांगून टाकते. हे आपण आपल्या मनाने आपल्या घरी करायचं नाही. ज्यांचं आहे त्या उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींनी बोलावलं तर जायचं, ते सांगतील तसं वागायचं, आणि घरी आल्यावर आपला धूप लावायचा. असं का म्हणते ते समजायला तो विधी काय आहे आणि त्या लोकांनी तो कसा जपला हे माहीत पाहिजे, म्हणून पोस्ट लांबणार आहे.

स्मजिंग म्हणजे सगळ्या 'रेड इंडियन' लोकांचा एकच विधी (हा शब्दही आता सोडायला हवा, तिथे फर्स्ट नेशन्स, मेटी, इन्युइट असं म्हणतात) असं काही नाही. तिकडे शेकडो समाज आहेत, भाषा वेगवेगळ्या, देव वेगवेगळे, रीती वेगवेगळ्या. क्री, अनिशिनाबे, लाकोटा, ब्लॅकफूट यांच्याकडे औषधी वनस्पतींचा धूर अंगावर घेण्याची रीत आहे, मेटी लोकांतही बरेच जण घेतात, पण उत्तरेच्या बर्फातल्या इन्युइट लोकांची ती मुळातली परंपरा नाही, त्यांच्याकडे सीलच्या चरबीवर जळणारा दगडी दिवा असतो, कुल्लिक म्हणतात त्याला, त्याचा मान वेगळा. एकाच समाजातल्या दोन गावांतही रीत थोडी बदलते. नंदुरबारमधल्या भिल्ल, पावरा, कोकणा, मावची सगळ्यांचं एकच असं आपल्याकडेही लोक धरून चालतात, आणि ते जितकं चूक आहे तितकंच हेही.

मी जे पाहिलं ते विनिपेगचं, तिथल्या क्री आणि अनिशिनाबे लोकांचं. त्यांच्याकडे चार पवित्र औषधी मानतात, तंबाखू, सेज, सीडर आणि स्वीटग्रास. गंमत म्हणजे त्या मैदानी भागातला सेज हा ऑनलाइन मिळतो तो पांढरा सेज नव्हेच. तो आर्टेमिसिया, म्हणजे आपला दवणा ज्या कुळातला त्याच कुळातला, रुपेरी पानांचा, चोळला की जवळपास तसाच कडवट सुगंध येतो, मला पहिल्यांदा वास आला तेव्हा चैत्रातल्या देवळाचीच आठवण झाली. स्वीटग्रास म्हणजे लांब चिवट गवत, त्याची तीन पेडांची वेणी घालून ठेवतात, वाळल्यावर व्हॅनिलासारखा गोड वास येतो. तोडताना मुळासकट उपटत नाहीत, कापून घेतात, आणि कापण्याआधी जमिनीवर चिमूटभर तंबाखू ठेवतात, म्हणजे घेण्याआधी काहीतरी द्यायचं.

आमच्या वस्तीतल्या कम्युनिटी सेंटरमध्ये नवीन आलेल्या स्थलांतरितांसाठी एक कार्यक्रम होता, बाहेर उणे तीस तापमान, आम्ही सगळ्या जाडजूड जॅकेटं काढून खुर्च्यांच्या गोलात बसलेलो. एक क्री आजी आल्या होत्या, एल्डर. एल्डर म्हणजे नुसतं वयाने मोठं नव्हे, समाजाने मानलेला माणूस. त्यांनी अ‍ॅबलोनीच्या मोठ्या शिंपल्यात सेजची पानं ठेवली. पानं अगदी बारीक चोळून नाही, तळहातांमध्ये फिरवून त्याची लहानशी गोळी केली, लाडू वळताना शेवटी हात हलका करतो ना, तसा हात. लायटर बाजूलाच पडलेला होता पण त्यांनी काडेपेटीची काडी ओढली. ज्योत लागली, जरा वेळ जळू दिली, मग फुंकर न मारता पिसाने हळूहळू वारा घालून ज्योत विझवली आणि धूर सुरू झाला. फुंकर का नाही, तर आपल्या आतलं जे असेल ते त्यात जाऊ नये म्हणून, असं त्यांनी सांगितलं. आपण देवापुढचा दिवा फुंकून विझवत नाही हे मला लगेच आठवलं आणि शेजारी बसलेल्या पंजाबी बाईंनीही माझ्याकडे बघून मान हलवली.

मग एक मुलगी तो शिंपला घेऊन गोलात फिरली, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. आपल्यापुढे आला की चष्मा काढून ठेवायचा, बरेच जण अंगठ्या, घड्याळ पण काढतात. दोन्ही हात धुरात धुतल्यासारखे करायचे, मग ओंजळीने धूर डोक्यावर घ्यायचा, विचार चांगले राहोत म्हणून, डोळ्यांवर, कानांवर, तोंडावर, म्हणजे बरं बघू, बरं ऐकू, बरं बोलू, आणि शेवटी छातीवर, काळजापाशी. काहीजण पाठीवर, पायांवरही घेतात. ज्याला घ्यायचा नाही त्याने हात वर करून नको म्हणायचं, कोणी कारण विचारत नाही. एका बाईंना दमा होता, त्या दाराजवळ बसल्या, आजींनी त्यांच्या हातात न पेटवलेली पानं नुसती धरायला दिली. मला ते फार आवडलं. नंतर राख आजींनी एका कापडात बांधून घेतली. ती कचऱ्याच्या डब्यात जात नाही, मातीत जाते, शक्यतो झाडाच्या बुंध्याशी.

एल्डरला बोलवायचं कसं, हेही त्या दिवशी कळलं. कार्यक्रम ठरवणाऱ्या मॅडमनी आजींकडे आधी स्वतः जाऊन, लहान कापडात बांधलेली तंबाखू पुढे धरून विनंती केली होती. आजींनी ती घेतली म्हणजे हो म्हटलं. घेतली नसती तर तिथेच विषय संपला असता, आग्रह करायचा नाही. ही तंबाखू चुना लावून खायची नाही की व्यसन म्हणून ओढायचीही नाही, ती विनंतीसोबतची भेट. जाण्यायेण्याचा खर्च आणि मानधन वेगळं, सन्मानाने देतात, पण विधीचा दर ठरवून तिकीट लावत नाहीत. जिथे 'स्मजिंग सर्टिफिकेट कोर्स, इतके डॉलर' लिहिलेलं असतं तिथे काहीतरी गडबड आहे असं समजायला हरकत नाही.

बाकीचे नियम थोडक्यात. फोटो-व्हिडिओ विचारल्याशिवाय नाही, आणि विचारून नाही म्हटलं तर नाहीच. दारू पिऊन जायचं नाही. पिसाला हात लावायचा नाही, विशेषतः गरुडाच्या, ते पीस कमवावं लागतं, कोणीतरी दिलेलं असतं. अमेरिकेत तर गरुडाचं पीस आपल्यासारख्या बाहेरच्यांनी जवळ ठेवणं कायद्याने गुन्हा आहे. १९४० मध्ये बॉल्ड ईगलसाठी कायदा झाला, १९६२ मध्ये गोल्डन ईगल त्यात आला, आणि तिथल्या आदिवासींना धार्मिक कामासाठी पिसं हवी असतील तर डेन्व्हरजवळच्या सरकारी भांडारातून अर्ज करून मिळतात. त्यामुळे ऑनलाइन 'स्मजिंग किट'मधलं पीस कशाचं आहे देवच जाणे.

पाळीचा प्रश्न मला हमखास विचारतात म्हणून त्यावर जास्त लिहिते. काही समाजांत पाळी चालू असलेली बाई धुराच्या विधीत बसत नाही. कारण आपल्याकडच्या विटाळासारखं सांगत नाहीत, त्या दिवसांत बाई स्वतःच फार ताकदीच्या अवस्थेत असते, तिचं शुद्धीकरण आपोआप चाललेलं असतं, असं सांगतात. काही समाज हा नियम पाळत नाहीत, आणि आता त्यांच्यातल्याच बायका यावर आपसांत बोलतायत. मला स्वतःला आपल्याकडच्या शिवाशिवीचा लहानपणापासून मनस्ताप आहे, कावळा शिवला म्हणून कोपऱ्यात बसवलेली मी मुलगी, पण दुसऱ्याच्या अंगणात पाहुणी म्हणून गेल्यावर त्यांच्या नियमावर भाषण देणं हे माझं काम नाही असं मला ठामपणे वाटतं. आधी बोलावणाऱ्याला हळूच विचारायचं, तुमच्यात कसं आहे, आणि ते सांगतील तसं बसायचं किंवा बाहेर थांबायचं.

आता खरं कारण. हे सगळे विधी त्यांना उघडपणे करायला बंदी होती. कॅनडाने १८८४ मध्ये इंडियन अ‍ॅक्टमध्ये दुरुस्ती करून पश्चिम किनाऱ्यावरच्या पोटलॅच या भेटवस्तू वाटण्याच्या सोहळ्यांवर बंदी घातली, १८९५ मध्ये ती मैदानी भागातल्या नाचांच्या सोहळ्यांपर्यंत वाढवली, आणि हे कलम थेट १९५१ मध्ये गेलं. १९२१ च्या नाताळात एका पोटलॅचवर कारवाई झाली तेव्हा लोकांना भेटवस्तू वाटल्या, भाषण केलं, नाचले म्हणून पकडलं आणि पिढ्यांचे मुखवटे जप्त करून म्युझियममध्ये पाठवले. अमेरिकेत १८८३ पासून अशाच नियमांखाली विधी करणाऱ्यांचा शिधा बंद करायचे, कैदेत टाकायचे, आणि धर्मस्वातंत्र्याचा वेगळा कायदा १९७८ मध्ये आला. शिवाय कॅनडातल्या रेसिडेन्शियल स्कूल. दीड लाखाहून जास्त मुलं घरातून उचलून बोर्डिंगमध्ये नेली, केस कापले, आपली भाषा बोलली म्हणून मारलं. त्या आजी पण त्याच शाळेतल्या. त्या म्हणाल्या, धूर घ्यायला मी म्हातारपणी शिकले, माझ्या आजीकडून शिकायचं होतं ते राहून गेलं. एवढंच बोलल्या आणि पुढच्या विषयावर गेल्या.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, कितीतरी जमातींवर जन्मतःच चोर असा शिक्का मारला, हजेरी लावायला लावली, आणि तो कायदा देशभर रद्द झाला १९५२ मध्ये. कॅनडात १९५१, इथे १९५२. राज्य करणाऱ्यांची डोकी दोन्हीकडे सारखीच चालत होती.

म्हणून ज्या धुरासाठी लोकांना शिक्षा झाली तोच धूर आता दुसरे कोणीतरी पॅक करून विकतात आणि त्यावर त्यांचं नावही नसतं, हे त्यांना लागतं. १९९३ मध्ये लाकोटा, डकोटा आणि नकोटा लोकांनी त्यांचे विधी विकणाऱ्यांविरुद्ध जाहीरनामाच काढला होता. २०१८ मध्ये एका मोठ्या फ्रेंच कॉस्मेटिक कंपनीच्या दुकानांत येणार असलेलं जादूटोण्याचं किट, ज्यात सेज होता, लोकांच्या संतापामुळे मागे घ्यावं लागलं. आणि ज्यांचं आहे त्यांना मात्र अजूनही कोर्टात उभं राहावं लागतं. ब्रिटिश कोलंबियातल्या पोर्ट अल्बर्नीला एका शाळेत नू-चा-नुल्थ समाजाच्या एल्डरने २०१५ मध्ये मुलांना हा विधी दाखवला म्हणून एका पालकाने केस केली, ती २०२० मध्ये फेटाळली गेली. मुलांनी बघितलं म्हणजे त्यांच्यावर धर्म लादला असं होत नाही, असं कोर्टाचं म्हणणं पडलं. आता तिकडच्या बऱ्याच हॉस्पिटलांत, कॉलेजांत स्मजिंगसाठी खोली असते, आधी कळवलं की त्या खोलीचा धुराचा अलार्म बंद ठेवतात.

आता झाडाचं. ऑनलाइन जी जाड पांढुरकी जुडी येते ती साल्व्हिया अपियाना, आपल्या तुळशीच्या कुटुंबातली. ती जगात नैसर्गिकपणे फक्त दक्षिण कॅलिफोर्निया आणि खाली मेक्सिकोच्या बाहामध्ये उगवते. तिथल्या काहुइया, चुमाश, टोंगव्हा लोकांची ती औषधी, दाणे खाण्यापासून औषधापर्यंत सगळा उपयोग करत आलेत. मागणी वाढली तशी डोंगरावरून चोरून तोडायला लागले. २०१८ मध्ये रँचो कुकामोंगाजवळच्या संरक्षित टेकडीवर चार जणांना सुमारे ४०० पौंड, म्हणजे १८० किलोच्या आसपास सेज तोडून नेताना पकडलं. आणि तोडणारे म्हणजे बहुतेक करून कमी पैशावर राबणारे मजूर, मलई खाणारा वेगळाच. जळगावात बसून अडीचशे-तीनशे रुपयांची जुडी घेताना हे डोळ्यासमोर येत नाही, पण साखळी तिथपर्यंतच जाते.

आणि खरं सांगू का, आपल्याला धुराची वानवा कुठे आहे. आपल्याकडे बाळाला अंघोळ घातली की शेगडीच्या निखाऱ्यावर ओवा, वावडिंग, लसणाची सालं टाकून धुरी द्यायचे. (डॉक्टर आता नको म्हणतात, तान्ह्या बाळाच्या फुप्फुसाला धूर वाईटच, ते ऐकावं.) कानबाईच्या रोटाच्या दिवशी श्रावणात घरभर धुपाचा वास असतो. गवरीचा निखारा, त्यावर राळ, ऊद, गुग्गुळ, आणि सातपुड्यातला सालईचा डिंक. सालई म्हणजे बॉसवेलिया सेराटा, सातपुड्याच्या उतारावर उन्हाळ्यात पानं गाळून उभं असलेलं झाड, साल कागदासारखी सुटते, खोडाला खाच मारली की दुधाळ डिंक येतो आणि हळूहळू सोनेरी होतो. हा डिंक आणि दक्षिण अमेरिकेतलं ते पालो सांतो, जे आता सेजच्या शेजारी विकायला ठेवलेलं असतं, एकाच वनस्पती कुटुंबातले. म्हणजे इक्वेडोर-पेरूहून लाकडाचे तुकडे मागवायचे आणि धडगावच्या डोंगरातला त्याचाच भाऊ विसरायचा.

मात्र आपला धूप म्हणजे सगळं निर्दोष असंही मी म्हणणार नाही. कच्छ-राजस्थानकडचा खरा गुग्गुळ जास्त चिरा मारून मारून संपत आलाय, जागतिक यादीत तो अतिशय धोक्यात म्हणून नोंदवलाय. सालईलाही तेच, एका झाडाला चहूबाजूंनी खाचा मारल्या की झाड वाळतं. माझ्या आजीला सेजच्या जुडीबद्दल सगळं सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "आपलं नही ते तेस्ले इचार पहिले." (आपलं नसेल तर आधी त्यांना विचार.) आणि मग सातपुड्याकडे हात केला, म्हणजे डिंकाचंही तेच.

कारण सातपुडा पण आपला नाही असं धरूनच वागलं पाहिजे, आपण शहाद्या-नंदुरबारचे असलो तरी. काठीची होळी बघा. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीला होळीच्या रात्री हजारो लोक जमतात, बुध्या, बावा बनलेले पुरुष अंगावर राखेची नक्षी, डोक्यावर मोरपिसं, कमरेला घुंगरू, रात्रभर ढोल, आणि पहाटे होळी पेटते. हे लोक त्याआधी बरेच दिवस पाळणी धरतात, जमिनीवर झोपतात, खाटेवर बसत नाहीत, बायकोपासून लांब राहतात. ते व्रत आहे. आणि आपल्याकडची पोरं गाडी काढून रात्री जातात, व्रतातल्या माणसाच्या तोंडासमोर मोबाइल धरतात, खांद्यावर हात टाकून सेल्फी घेतात, ड्रोन उडवतात आणि दुसऱ्या दिवशी रील टाकतात, खाली 'ट्रायबल व्हाइब्ज'. मला हे पाहून फार वाईट वाटतं. विनिपेगच्या आजींच्या समोर आम्ही सगळ्या हात जोडून बसलो, आणि आपल्याच डोंगरातल्या माणसाला साधं 'दादा, फोटो काढू का' विचारत नाही.

देवमोगराला, गुजरातच्या सागबारा तालुक्यात, महाशिवरात्रीला याहामोगी मातेच्या जत्रेत लोक नवीन बांबूच्या टोपलीत धान्य आणि मोहाची दारू नैवेद्याला घेऊन रांगेत उभे असतात. तिथेही बघे लोक त्या दारूवर जोक करतात. ती पिण्यासाठी बाटलीत भरलेली दारू नव्हे, नैवेद्य आहे, विनिपेगकडची चिमूटभर तंबाखू जशी नैवेद्य आहे तशीच.

तर मला फोन करणाऱ्या सगळ्या मैत्रिणींसाठी, आता नेमकं काय करायचं. सेज मागवला नसेल तर मागवू नका. मागवलेला असेल तर फेकू नका आणि विधी म्हणून फिरवूही नका, कुंडीतल्या किंवा झाडाखालच्या मातीत ठेवून द्या, मातीत मिसळू द्या. तिकडे नोकरीला, शिकायला मुलं असतील आणि त्यांना कोणी बोलावलं तर आनंदाने जायला सांगा, चष्मा काढायचा, फोन आत ठेवायचा, नको असेल तर नको म्हणायचं. घरासाठी धूप हवा असेल तर सालईचा डिंक शक्यतो गोळा करणाऱ्यांकडून किंवा त्यांच्या वनहक्क समितीकडून, बचत गटाकडून घ्या. २००६ च्या वनहक्क कायद्याने डिंकासारख्या गौण वनोपजावर मालकी त्यांची आहे, व्यापाऱ्याची नाही. भाव पाडून मागू नका. आणि घेताना विचारा, यंदा झाडाला किती खाचा मारल्या, गेल्या वर्षीचं झाड यंदा मोकळं सोडलं का. ते लोक उत्तर देतात, आणि खुशीने देतात, कारण सहसा कोणी विचारतच नाही.